स्वस्त काडतुसाचा इतिहास : .२२ रायफल आणि नेमबाजीचे शिक्षण

१/
डिसेंबर १८९९. दक्षिण आफ्रिकेत स्टॉर्मबर्ग, मॅगर्सफाँटेन आणि कोलेन्सो अशा तीन ठिकाणी एकाच आठवड्यात ब्रिटिश सैन्याचा पराभव झाला. समोर बोअर शेतकरी होते. त्यांच्या हाती जर्मन बनावटीच्या माउझर रायफली होत्या आणि शिकारीत घटवलेला नेम होता. ब्रिटनमध्ये तो आठवडा 'काळा आठवडा' म्हणून ओळखला जाऊ लागला.

२/
या पराभवातून ब्रिटनपुढे एक अगदी व्यावहारिक प्रश्न उभा राहिला. दिवसभर कारखान्यात राबणाऱ्या शहरी माणसाला नेम धरायला शिकवायचे कसे? त्याच्या खिशाला झेपेल अशी रायफल कोणती? शोधाअंती जे उत्तर सापडले ते म्हणजे .२२ रिमफायर रायफल. तिची कथा पॅरिसमधल्या दिवाणखान्यांत सुरू होते आणि कोल्हापूर जिल्ह्यातील एका खेड्यापर्यंत पोहोचते.

३/
रायफलीच्या आधी काडतूस जन्मले. १८४५ च्या सुमारास पॅरिसमधील बंदूककार लुई-निकोला फ्लोबेर याने एक साधी युक्ती केली. त्या काळी बार उडवण्यासाठी स्फोटक भरलेली धातूची छोटी टोपी वापरत. फ्लोबेरने त्या टोपीच्याच तोंडावर शिशाची बारीक गोळी बसवली. निराळी दारू ठासण्याचे कारणच उरले नाही. जोर बेताचा आणि आवाज कमी, त्यामुळे घरात किंवा बागेत नेमबाजीचा खेळ मांडण्याची टूम सधन कुटुंबांत निघाली.

४/
या काडतुसाची खुबी त्याच्या बुडाशी असते. बुडाची कड आतून पोकळ असते आणि पेट घेणारे मिश्रण त्या पोकळीत भरलेले असते. चाप ओढला की रायफलीतील खिळी कडेवर आदळते, कड चेपते आणि मिश्रण पेटते. म्हणून त्याचे नाव रिमफायर, म्हणजे कडेवर पेटणारे. कड चेपली जावी यासाठी पत्रा पातळ ठेवावा लागतो. साहजिकच आत फार मोठा दाब निर्माण करता येत नाही आणि एकदा उडालेले काडतूस पुन्हा भरूनही वापरता येत नाही.

५/
वरवर पाहता हे दोन्ही दोषच. परंतु निराळी टोपी आणि तिच्यासाठी निराळी बैठक नसल्यामुळे हे काडतूस यंत्रावर झपाट्याने व स्वस्तात बनू लागले. १८५७ मध्ये अमेरिकेत स्मिथ अँड वेसन या कंपनीने आपल्या पहिल्या रिव्हॉल्व्हरसाठी '.२२ शॉर्ट' काडतूस आणले. .२२ म्हणजे ०.२२ इंच, सुमारे साडेपाच मिलिमीटर. पुढे मॅसॅच्युसेट्समधील स्टीव्हन्स कंपनीने १८८७ मध्ये '.२२ लाँग रायफल' तयार केले. आजही जगभर सर्वाधिक वापरले जाते ते हेच काडतूस.

६/
आकडे पाहिले म्हणजे फरक कळतो. पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश .३०३ रायफलीची गोळी ११ ग्रॅमहून थोडी अधिक वजनाची होती आणि सेकंदाला सुमारे ७४० मीटर वेगाने सुटे. .२२ ची गोळी सुमारे २.६ ग्रॅमची, वेग साधारण ३३० मीटर. म्हणजे आघाताची शक्ती जवळजवळ विसावा हिस्सा. खांद्याला धक्का नाही, कानठळ्या बसवणारा आवाज नाही. नवशिक्याची सर्वांत मोठी खोड म्हणजे चाप ओढण्यापूर्वीच दचकणे. ती या रायफलीवर जडत नाही.

७/
जागेचा प्रश्न तर त्याहून मोठा होता. .३०३ च्या सरावाला शेकडो यार्डांचे मोकळे मैदान, पाठीमागे उंच मातीचा बांध आणि त्यापलीकडे निर्मनुष्य प्रदेश लागे. असे मैदान शहराबाहेर कोसोन् कोस दूर असायचे. तिथे जायला रेल्वेचे भाडे पडायचे आणि दिवसाची मजुरी बुडायची. श्रमिकाच्या दृष्टीने रायफलीच्या किमतीइतकाच हा खर्चही अडसर होता.

८/
सैन्यालाही ही अडचण जाणवत होतीच. मोठी नळी तशीच ठेवून तिच्या आत लहान व्यासाची दुसरी नळी सरकवायची, ही 'मॉरिस ट्यूब' एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिश सैन्याने स्वीकारली. रायफल तीच, वजन तेच, दस्ता तोच, फक्त गोळी लहान. तिची काडतुसे मात्र रिमफायर नव्हती. त्यांच्या बुडाच्या मध्यभागी निराळी टोपी असे. सैनिकाला बराकीजवळच सराव करता येऊ लागला, परंतु सामान्य नागरिकाकडे मूळ रायफलच नव्हती, मग नळी सरकवायची कशात?

९/
इथे लॉर्ड रॉबर्ट्स यांचा प्रवेश होतो. कानपूरमध्ये जन्मलेले हे सेनानी १८८५ ते १८९३ या काळात भारतातील सरसेनापती होते. कोलेन्सोच्या लढाईत शत्रूच्या माऱ्याखाली सापडलेल्या तोफा वाचवताना त्यांचा एकुलता एक हयात मुलगा जबर जखमी झाला आणि दोन दिवसांत मरण पावला. त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेतील सैन्याची सूत्रे रॉबर्ट्स यांच्या हाती देण्यात आली. बोअरांच्या नेमाची किंमत त्यांनी स्वतःच्या घरातून मोजली होती.

१०/
१९०१ मध्ये ब्रिटनमध्ये 'सोसायटी ऑफ वर्किंग मेन्स रायफल क्लब्ज' ही संस्था स्थापन झाली. नावातच तिचा हेतू स्पष्ट होता. काम करणाऱ्या माणसाला हिवाळ्याच्या संध्याकाळी, वस्तीजवळ, कमी खर्चात नेमबाजी करता यावी. १९०३ मध्ये तिचे नाव 'सोसायटी ऑफ मिनिएचर रायफल क्लब्ज' झाले. रॉबर्ट्स या चळवळीचे अध्यक्ष आणि तिचा सर्वांत ठळक चेहरा बनले. हीच संस्था १९४७ पासून नॅशनल स्मॉल-बोअर रायफल असोसिएशन म्हणून ओळखली जाते.

११/
.२२ मुळे मैदान घराजवळ आले. तळघर, कारखान्याचे गोदाम, शाळेचे सभागृह, दारूच्या गुत्त्यामागची लांबट खोली, यांपैकी काहीही चाले. २५ यार्डांचे अंतर, टोकाला लोखंडी पत्रा व वाळू, वर दिवा आणि पुठ्ठ्यावर छापलेले काळे वर्तुळ. अंतर कमी झाले त्या प्रमाणात वर्तुळही लहान केलेले असे. २५ यार्डांवर दिसणारा ठिपका आणि शेकडो यार्डांवरील मोठे लक्ष्य डोळ्याला सारखेच भासावे, असा हिशेब त्यामागे होता.

१२/
आता मूळ प्रश्न राहिला निवडीचा. कोणती रायफल घ्यायची? त्या काळच्या क्लबांपुढे, शाळांपुढे आणि सैन्यापुढे ढोबळमानाने तीन मार्ग होते. असलेल्याच रायफलीत नळी सरकवावी, जुन्या लष्करी रायफली कायमच्या .२२ मध्ये बदलून घ्याव्यात, किंवा सरावासाठीच नवी, लहान, स्वस्त रायफल घडवावी. पहिला मार्ग मॉरिस ट्यूबचा. रिमफायर काडतूस स्वस्त होत गेले तसा तो मागे पडत गेला.

१३/
दुसरा मार्ग काटकसरीचा. ब्रिटनच्या शस्त्रागारांत कालबाह्य रायफलींचे ढीग पडून होते. ली-मेटफर्डसारख्या रायफली .२२ च्या नळ्या बसवून सरावासाठी सज्ज करण्यात आल्या. झिजलेली नळी रणांगणावर निरुपयोगी, पण तिच्याभोवतीचे लाकूड, कुलूप आणि सांगाडा शाबूत होता. शिकणाऱ्याच्या हाती लष्करी रायफलीचे पूर्ण वजन येई. कोवळ्या वयाच्या विद्यार्थ्यांना मात्र जवळजवळ चार किलोंचे ते ओझे पेलवत नसे.

१४/
तिसरा मार्ग उद्योगाचा. युद्धखात्याने स्वस्त सराव-रायफलीचा एक नमुना ठरवून दिला आणि १९०६ च्या सुमारास बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीसह काही उत्पादकांनी तशा रायफली बाजारात आणल्या. लहानखुरी, हलकी, एका वेळी एकच काडतूस हाताने भरायची, दांडा मागेपुढे करून उघडायची. लष्करी रायफलीची ती जणू धाकटी बहीण होती.

१५/
इथे एक मतभेद उद्भवला आणि तो पुढे कधीच पूर्णपणे मिटला नाही. सरावाची रायफल युद्धातल्या रायफलीसारखी असावी, की सर्वांत अचूक असावी? लष्कराला हाताची सवय हवी होती. क्लबमधल्या माणसाला वर्तुळाच्या मध्यावर लागलेली गोळी हवी होती. क्लबांनी आपला कौल दिला तो मार्टिनी पद्धतीच्या रायफलीला.

१६/
मार्टिनी-हेन्री ही १८७१ मध्ये ब्रिटिश सैन्यात आलेली रायफल. खालची तरफ ओढली की नळीमागचा ठोकळा खाली झुकतो, काडतूस भरले जाते आणि तरफ मिटली की ठोकळा पुन्हा घट्ट बसतो. रचना भक्कम, हालचाल आखूड. रणांगणावर ती मागे पडली होती, परंतु तिच्याच छोट्या आवृत्तीवर बीएसएने .२२ च्या लक्ष्यवेधी रायफली घडवल्या. त्या पुढे अनेक दशके ब्रिटिश क्लबांत नांदल्या. त्यांवर बसवलेली छिद्राची मागची माशी साध्या खाचेच्या माशीपेक्षा कितीतरी अचूक ठरे.

१७/
१९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्मॉल-बोअर रायफलीच्या स्पर्धा घेण्यात आल्या. ज्या काडतुसाचा जन्म दिवाणखान्यातील करमणुकीसाठी झाला, ते दोन पिढ्यांत जागतिक क्रीडेचे साधन बनले. सराव आणि खेळ यांच्यातील सीमारेषा पुसट झाली ती याच काळात.

१८/
मग महायुद्धात या साऱ्याचा उपयोग किती झाला? १९१४ च्या ब्रिटिश शिपायाकडून ३०० यार्डांवर मिनिटाला नेम धरून १५ गोळ्या झाडण्याची अपेक्षा असे. हे कौशल्य मुख्यतः नियमित सैन्याच्या कडक सरावातून आले होते. त्याचे श्रेय गुत्त्यामागच्या खोलीला देता येत नाही. एकेक काडतूस हाताने भरणाऱ्या रायफलीवर श्वास, माशी आणि चाप यांचा मेळ शिकता येतो, वेग शिकता येत नाही. ही उणीव लष्कराच्याही ध्यानात आली होती.

१९/
म्हणूनच युद्धाच्या अखेरीस एक विलक्षण तोडगा निघाला. .३०३ च्या आकाराचे पोकळ धातूचे कवच करायचे, त्याच्या पोटात .२२ काडतूस बसवायचे आणि अशी कवचे नेहमीच्या रायफलीप्रमाणे मॅगझिनमधून भरायची. १९१८ च्या नमुन्याची ही रायफल कल्पक खरी, पण दर फेरीनंतर कवचे गोळा करून पुन्हा भरण्याचा व्याप होता. १९२० च्या दशकात ब्रिटिश सैन्य पुन्हा एकेक काडतूस भरण्याच्या साध्या ली-एनफिल्ड .२२ कडे वळले.

२०/
स्वस्त रायफलीचा एक छुपा खर्चही होता. काळ्या दारूची काजळी आणि पेट घेणाऱ्या मिश्रणातील क्षार यांमुळे नळीला आतून गंज चढे. सरावानंतर लगेच नळी साफ केली नाही, तर थोड्याच काळात अचूकता जाई. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात गंज न आणणारी मिश्रणे प्रचारात आली आणि क्लबच्या सामाईक रायफलींचे आयुष्य वाढले. अनेक हातांत फिरणाऱ्या रायफलीसाठी ही सुधारणा मोलाची होती.

२१/
ब्रिटनने काटकसरीसाठी निवडलेली वाट जर्मनीने निर्बंधांमुळे धरली. व्हर्सायच्या तहाने सैन्य १,००,००० पुरते मर्यादित केले आणि नेमबाजी संघटनांना युद्धशस्त्रांचे शिक्षण देण्यास मनाई केली. .२२ ही युद्धशस्त्रात मोडत नव्हती. तिथे छोट्या गोळीची नेमबाजी फोफावली. १९३४ मध्ये तर लष्करी माउझरसारखीच दिसणारी, तशीच हाताळावी लागणारी .२२ 'स्पोर्टमॉडेल' तयार झाली. नाव खेळाचे होते, पण रायफलीची ठेवण सैन्याची होती.

२२/
सोव्हिएत संघात १९२७ मध्ये 'ओसोअविआखिम' ही निमलष्करी नागरी संघटना उभी राहिली. १९३२ मध्ये 'वोरोशिलोव्ह नेमबाज' हे पदक सुरू झाले आणि त्याच वर्षी तुला येथील कारखान्याची साधी, एकबारी टोझ-८ ही .२२ रायफल आली. कीव्हमधील कारखान्यात काम करणारी ल्युदमिला पावलिचेंको अशाच क्लबात नेमबाजी शिकली. दुसऱ्या महायुद्धात तिच्या नावावर ३०९ शत्रूसैनिकांची नोंद झाली. खेळण्यासारखी वाटणारी रायफल कोणाच्या हाती कशासाठी दिली जाते, याचा हा गंभीर दाखला आहे.

२३/
आणि भारत? ज्या साम्राज्यात कामगाराला रायफल परवडावी म्हणून संस्था निघत होत्या, त्याच साम्राज्यात लिटनच्या १८७८ च्या शस्त्र कायद्याने भारतीयांना परवान्याच्या जाचात बांधले होते. युरोपीयांना त्यातून सूट होती. काँग्रेसने आरंभीच्या अधिवेशनांपासून या कायद्याविरुद्ध ठराव केले. अहिंसेचे पुरस्कर्ते गांधीजी यांनीही त्यावर कठोर टीका केली. इथे अडसर काडतुसाच्या किमतीचा नव्हता, वर्णाचा होता.

२४/
यातील विसंगती रॉबर्ट्स यांच्याच चरित्रात दिसते. ब्रिटिश श्रमिकाला नेमबाज बनवू पाहणारे हे गृहस्थ भारतात 'लढवय्या जमाती' या सिद्धांताचे प्रमुख पुरस्कर्ते होते. मुंबई आणि मद्रास सैन्यातील शिपायांना त्यांनी कमी लेखले व उत्तरेकडील भरतीवर भर दिला. १८९० च्या दशकात महारांची लष्करभरती थांबली. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी त्याविरुद्ध अर्ज लिहून पूर्वजांच्या सेवेची आठवण करून दिली. सरकार बधले नाही.

२५/
भारतीय विद्यार्थ्याच्या हाती रायफल आली ती पहिल्या महायुद्धाच्या गरजेतून. १९१७ मध्ये विद्यापीठांत लष्करी तुकड्या निघाल्या. कलकत्त्याच्या तुकडीत सुभाषचंद्र बोस यांनी प्रशिक्षण घेतले. १९२० नंतर या तुकड्यांना 'युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोअर'चे रूप आले. संधी मिळत होती, पण ती मोजक्या महाविद्यालयीन तरुणांपुरती होती.

२६/
स्वातंत्र्यानंतर दार खऱ्या अर्थाने उघडले. हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींनंतर १९४८ मध्ये राष्ट्रीय छात्रसेना, म्हणजेच एनसीसी, स्थापन झाली. पुढच्याच वर्षी मुलींचा विभाग सुरू झाला. कॅडेटच्या हाती आली तीच .२२ रायफल, ली-एनफिल्डच्या वंशातली. पोटावर झोपून २५ यार्डांवर झाडलेल्या पाच गोळ्या आणि नंतर कागदावर मोजलेले त्यांचे 'ग्रुपिंग', हा महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांचा बंदुकीशी झालेला पहिला आणि बहुधा शेवटचा परिचय.

२७/
१९५१ मध्ये नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली. तिचे संस्थापक अध्यक्ष होते गणेश वासुदेव मावळणकर. मूळ कोकणातल्या मराठी घराण्यातले, अहमदाबादेत वकिली केलेले, गांधीजींचे अनुयायी आणि पुढे लोकसभेचे पहिले सभापती. सत्याग्रहात तुरुंगवास भोगलेल्या माणसाने रायफल संघटनेचे नेतृत्व करावे यात विरोधाभास शोधण्याचे कारण नाही. शस्त्र हाताळण्याचा नागरिकाचा अधिकार ही स्वातंत्र्यलढ्यातील जुनीच मागणी होती. त्यांच्या नावाने आजही राष्ट्रीय पातळीवरील नेमबाजी स्पर्धा भरते.

२८/
या पेरणीची फळे महाराष्ट्राने पाहिली. अंजली भागवत यांची नेमबाजी मुंबईत एनसीसीतून सुरू झाली. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेत्या ठरल्या. ते काडतूस .२२ चेच. तेथील लक्ष्याचे दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे, म्हणजे सदऱ्याच्या गुंडीएवढे असते. ५० मीटरवरून ते नुसत्या डोळ्यांना स्वतंत्रपणे दिसतही नाही.

२९/
१ ऑगस्ट २०२४. पॅरिस ऑलिंपिकमध्ये राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले. गुडघ्यावर बसून, झोपून आणि उभे राहून, अशा तिन्ही स्थितींत नेमाची कसोटी पाहणाऱ्या या प्रकारातील भारताचे ते पहिले ऑलिंपिक पदक. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या कांस्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूने वैयक्तिक ऑलिंपिक पदक जिंकायला ७२ वर्षे लागली.

३०/
आजही १९०१ चा प्रश्न संपलेला नाही. भारतात .२२ रायफलीला परवाना लागतो आणि स्पर्धेच्या दर्जाची काडतुसे प्रामुख्याने परदेशातून येतात. उडालेले रिमफायर पुन्हा भरता येत नाही, म्हणून सरावाचा प्रत्येक बार हा नवा खर्च असतो. त्यामुळे नवोदित नेमबाज आज आरंभ करतो तो १० मीटरच्या एअर रायफलवर. शिशाच्या छोट्या छर्ऱ्यावर आणि हवेच्या दाबावर चालणारी ही रायफल बंद खोलीत चालते, तिचा छर्रा .२२ च्या काडतुसाहून खूपच स्वस्त पडतो आणि एका शाळेला चार रायफली घेऊन वर्ग सुरू करता येतो.

३१/
म्हणूनच स्वस्त सराव-रायफल निवडताना शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या क्लबांनी लावलेला हिशेब अजूनही उपयोगी पडतो. रायफलीची किंमत एकदाच मोजावी लागते, काडतुसाची मात्र रोज. दुरुस्ती गावात होते का, मागची माशी नीट बसवता येते का, शिकणाऱ्याच्या खांद्याला वजन पेलते का आणि सरावाची जागा घरापासून किती दूर आहे, हे प्रश्न त्यांनी नळीवरच्या नक्षीआधी विचारले. ज्यांना ही उत्तरे अनुकूल मिळाली ते नेमबाज झाले. उरलेल्यांत चांगला नेम असलेले किती होते, याची नोंद कोणत्याही गुणपत्रकावर सापडत नाही.